चार्टमध्ये पाऊस धरलाय का?

प्रश्न : ताई, नमस्कार. भोसरीतल्या एका कंपनीत मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे. आम्ही ग्राहकाच्या गरजेप्रमाणे एसपीएम, म्हणजे एकाच ठरावीक कामाची खास मशीन, बनवतो. माझ्या हाताखाली ११ जण आहेत. गेल्या तिमाहीत एकाच ऑर्डरवर तीन संकटं आली. पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा, प्रोग्रॅम लिहिणारा एकमेव मुलगा नोकरी सोडून गेला, गिअरबॉक्स पाच आठवडे उशिरा आला आणि ट्रायलच्या तोंडावर ग्राहकाने कॉम्पोनंटचं ड्रॉइंग बदललं. डिस्पॅच सात आठवडे लांबला, एलडी (उशिराबद्दल ऑर्डरच्या रकमेतला दंड) कापली गेली. साहेब म्हणतात, टीममध्ये 'रिझिलियन्स', म्हणजे तग धरायची ताकद, नाही. म्हणून लोणावळ्याला दोन दिवसांचं ट्रेनिंग ठरवलंय. मी शेड्यूलमध्ये थोडी मार्जिन ठेवली की तेच ती काढून टाकतात. माझी माणसं खरंच कच्ची आहेत का?
– एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : नाही. तीन तडाखे खाऊन ज्यांनी मशीन बाहेर काढलं, ती माणसं कच्ची नाहीत. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला त्या ११ जणांची काळजी वाटली. ते सात आठवडे त्यांनी कसे काढले असतील, किती रविवार शॉप फ्लोअरवर गेले असतील, हे मला न सांगताही कळतं. ट्रेनिंगला जरूर जा, चार गोष्टी कानावर पडतील. पण तग धरायची ताकद कामाच्या आखणीत आधी असावी लागते. ती तिथे नसली की माणसांच्या झोपेतून आणि घरच्या वेळातून वसूल होते.

पाणीपुरवठा योजनांच्या कामांवर मी ३१ वर्षं प्लॅनिंग केलं. त्यातली एक गोष्ट सांगते, कारण तुमच्या पीएलसीवाल्या मुलाचं वाचताना तीच आठवली. नदीकाठी जॅकवेलचं काम चालू होतं. जॅकवेल म्हणजे नदीचं पाणी जिथे घेऊन पंपाने उचलतात ती विहीर. नदीतली कामं पाणी उतरल्यावर सुरू करायची आणि पावसाच्या आत वर काढायची, म्हणजे हातात जेमतेम सहा-सात महिने. आमचा सर्व्हेअर अत्यंत हुशार आणि प्रामाणिक. एके दिवशी खडीच्या डंपरने टीबीएमचा दगड उडवला. टीबीएम म्हणजे साइटवरची उंचीची खूण, सगळ्या लेव्हल तिच्यावरून काढतात. त्याने दुसऱ्या जागी नवी खूण केली आणि आकडा खिशातल्या छोट्या निळ्या डायरीत लिहिला. डायरीला रबरबँड लावलेला असायचा, पानं घामाने फुगलेली. चार दिवसांनी मोटरसायकलवरून पडून त्याचा पाय मोडला. डायरी त्याच्याबरोबर दवाखान्यात गेली आणि कपड्यांच्या गडबडीत हरवली. त्याला आकडा पुसट आठवत होता, पण पुसट आठवणाऱ्या आकड्यावर राफ्टचं, म्हणजे पायाचं, काँक्रीट कोण ओतणार? लांबच्या खात्रीच्या खुणेवरून लेव्हल पुन्हा आणून तपासून घेण्यात नऊ दिवस गेले. मे महिन्यातले नऊ दिवस. जूनच्या पहिल्या पावसात आमचं शटरिंग पाण्याखाली गेलं.

त्या सर्व्हेअरला कुणी बोललं नाही. चूक आमची, प्लॅनिंगवाल्यांची होती. एका माणसाच्या खिशावर अख्खी योजना उभी आहे, हे आमच्या बार चार्टमध्ये, म्हणजे कामांच्या वेळापत्रकाच्या तक्त्यात, कुठेच दिसत नव्हतं. पुढच्या साइटपासून लेव्हल बुकाची प्रत रोज संध्याकाळी ऑफिसात यायला लागली आणि दर पंधरवड्याला एक दिवस दुसऱ्या माणसाने लेव्हल घ्यायची असं ठरलं. तो दुसरा माणूस सुरुवातीला निम्म्या वेगाने काम करायचा. तो वेग आम्ही हिशेबात धरला.

तुमच्याकडेही हेच करा. कागदावर एका बाजूला कामं लिहा, दुसऱ्या बाजूला ती पुरी करू शकणाऱ्यांची नावं. ज्या कामासमोर एकच नाव येईल, तिथे लाल खूण करा. प्रोग्रॅमची ताजी प्रत आणि त्यातली टिपणं आठवड्याला कंपनीच्या सर्व्हरवर गेलीच पाहिजेत. आणि दोन पॅनेल बनवायची असतील तर दुसऱ्याचा प्रोग्रॅम नव्या मुलीला किंवा मुलाला लिहू द्या, पहिला लिहिणारा शेजारी बसेल. वेळ लागेल. लागू द्या.

आता मार्जिनबद्दल. तुमचे साहेब ती काढतात याला थोडे तुम्हीही कारण आहात. डिझाइनवाला दोन दिवस जास्त सांगतो, असेंब्लीवाला तीन, तुम्ही वर आणखी चार. हे साहेबांना पक्कं माहीत असतं, म्हणून ते डोळे मिटून कात्री लावतात. खरी गरज आणि लपवलेले दिवस एकाच कात्रीत जातात. यापुढे कुणीच कामाच्या आत दिवस लपवायचे नाहीत. राखीव दिवस शेवटी, वेगळ्या ओळीत, नाव देऊन उघड दाखवा : 'ग्राहकाचे बदल – इतके दिवस', 'बाहेरून येणारा माल – इतके दिवस'. हे आकडे मनाने टाकू नका. मागच्या पाच-सहा ऑर्डरच्या फायली काढा, पीओवरची (खरेदीच्या ऑर्डरवरची) तारीख आणि माल गेटमधून आत आल्याची तारीख शेजारीशेजारी लिहा. त्या दिवसांतला एक दिवस वापरायचा तर तुमची सही लागेल आणि दर सोमवारी किती शिल्लक आहेत ते फळ्यावर दिसेल. साहेबांशी पैशाच्या भाषेत बोला. आठवड्याला अर्धा टक्का एलडी असेल, तर सात आठवड्यांचे साडेतीन टक्के गेले. तेवढ्यात एका जादा प्रोग्रॅमरचा किती महिन्यांचा पगार निघाला असता, हा हिशेब त्यांच्यासमोर ठेवा.

मला या बाबतीत कोकण रेल्वेचं फार कौतुक वाटतं. पावसाळ्यात तिचं वेळापत्रकच वेगळं असतं. साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत गाड्यांचा वेग कमी, काही गाड्या आधी सुटतात, काही उशिरा पोचतात, आणि हे सगळं आधी जाहीर केलेलं असतं. जोराच्या पावसात पुढचं नीट दिसेनासं झालं, तर लोको पायलटने ताशी ४० किलोमीटरवर यायचं अशी सूचना आहे. दरडीच्या जागांवर गस्त असते. २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये करंजाडीजवळ पावसातल्या दरडी-दगडांमुळे गाड्यांचे भीषण अपघात झाले, माणसं गेली. त्या मार्गावर पाऊस धरून चालणं म्हणजे काय, ते त्यांना चांगलं ठाऊक आहे. पावसाळी वेळापत्रक बघून रेल्वे कच्ची आहे असं कुणी म्हणत नाही.

त्याच रेल्वेच्या बांधणीतली आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. ७४१ किलोमीटरचा मार्ग, नव्वदहून जास्त बोगदे. कठीण खडकातले बोगदे यंत्रांनी झाले, पण मऊ मातीतल्या बोगद्यांनी छळलं. गोव्यातल्या पेडण्याचा बोगदा तर पुन्हापुन्हा ढासळत राहिला. तरी १९९३ मध्येच दक्षिणेला मंगळूर-उडुपी आणि उत्तरेला रोहा-वीर हे तुकडे सुरू झाले होते. अख्खा मार्ग १९९८च्या जानेवारीत खुला झाला. एक बोगदा अडला म्हणून बाकीची लाइन गंजत पडली नाही. तुमचं मशीनही असं तोडता येतं का बघा. मशीनच्या ज्या स्टेशनला (भागाला) गिअरबॉक्स लागत नाही त्याची ट्रायल ग्राहकाला आधीच बोलावून दाखवता आली असती, तर ड्रॉइंगमधला बदल कदाचित तेव्हाच कळला असता.

आणि एक विचारते, त्याचं उत्तर मला कळवा. गिअरबॉक्स उशिरा येणार हे तुमच्या परचेसवाल्याला कधी कळलं, आणि तुम्हाला त्याने कधी सांगितलं? मधले दिवस आठवड्यापेक्षा जास्त असतील, तर तो सांगायला का घाबरला, ते आधी त्याच्याजवळ बसून शांतपणे विचारा. तेव्हा आवाज चढवू नका.

प्रश्न : आमच्या सहकारी संस्थेच्या विस्तार प्रकल्पात प्रत्येक धोक्यासमोर 'प्लॅन बी' लिहिलेला आहे. ऑडिटला फाइल दाखवतो. प्रत्यक्षात बॉयलरचा सप्लायर मागे हटला, तेव्हा तो प्लॅन कुणालाच आठवला नाही. काय चुकलं?
– एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : तुमच्या प्लॅन बीला आकडा नव्हता, असं मला वाटतं. 'विलंब झाल्यास पर्यायी सप्लायर शोधणे', असंच काहीतरी लिहिलं असेल ना? किती विलंब? शोधायचं कुणी?

मी सांगलीची. आमच्याकडे कृष्णा वाढायला लागली की सगळं गाव आयर्विन पुलावरचे फूट विचारतं. ४० ला इशारा, ४५ ला धोका. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी कपाटाच्या दाराला आतून यादी चिकटवली आहे : ३५ फुटांना कागदपत्रं आणि गॅस सिलिंडर माडीवर, ३८ ला धान्य, ४० ला सासूबाई मिरजेला. प्रत्येक ओळीपुढे घरातल्या कुणाचं तरी नाव. २००५ च्या पुरात पाणी ५४ फुटांच्या आसपास गेलं होतं, म्हणून त्यांनी माडीवरचं सामान त्या खुणेच्या वर ठेवायची सवय लावली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्या वर गेलं. खालचं सामान भिजलं, पण सासूबाई आणि कागदपत्रं कधीच सुरक्षित होती, कारण ते ३५ आणि ४० लाच उरकलं होतं. पूर ओसरल्यावर काकूंनी यादी नव्याने लिहिली आणि तळाशी एक ओळ वाढवली : ४२ फुटांना सगळ्यांनी घर सोडायचं, सामानाकडे बघायचं नाही.

तुमची फाइल काढा आणि बॉयलरच्या ओळीपासून सुरुवात करा. ड्रॉइंग मंजुरीला किती दिवस उशीर झाला की दुसऱ्या सप्लायरला फोन जाईल, आणि तो फोन कोण करेल, एवढंच लिहा.