नेस्टेड मॉडेलांची तुलना: तीन पी-व्हॅल्यू सुट्या वाचू नका

तुमची दोन रिग्रेशन मॉडेलं नेस्टेड आहेत, म्हणजे छोट्यातली सगळी चलं मोठ्यातही आहेत. छोट्यात वय आणि शिक्षणाची वर्षं आहेत, मोठ्यात विभागाचे तीन डमी (त्या गटात असेल तर १, नसेल तर ० अशी चलं) वाढवलेत. एका डमीची पी-व्हॅल्यू (खरा परिणाम शून्य असता तर इतका किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली, दोघांची वर. मग विभाग ठेवायचा की काढायचा?

त्या तीन पी-व्हॅल्यूंवरून ठरवूच नका. प्रत्येक डमीची तुलना फक्त संदर्भ-गटाशी, म्हणजे ज्याला डमी नाही त्या गटाशी होते. संदर्भ-गट बदललात की पी-व्हॅल्यूही बदलतात. आर-वर्ग (मॉडेलने समजावलेल्या फरकाचं प्रमाण) वाढला यालाही अर्थ नाही, चल वाढवलं की तो कधी घटत नाही. खरा प्रश्न 'तिन्ही डमींचे सहगुणक (मॉडेल प्रत्येक चलाला देतं तो गुणक) एकाच वेळी शून्य आहेत का' हा आहे आणि त्यासाठी दोन मॉडेलांच्या चुका ताडणारी आंशिक एफ-चाचणी आहे.

समजा नोंदी १२०, अवशेषांच्या (प्रत्यक्ष मूल्य आणि अंदाज यांतल्या फरकांच्या) वर्गांची बेरीज छोट्या मॉडेलची ५४०, मोठ्याची ४९०. घट ५०, तिला वाढवलेल्या ३ सहगुणकांनी भागा: १६.६७. मोठ्या मॉडेलमध्ये स्थिरांक धरून ६ सहगुणक, म्हणजे डिग्री ऑफ फ्रीडम (नोंदी वजा सहगुणक) ११४. ४९० भागिले ११४ म्हणजे ४.३०. १६.६७ ला ४.३० ने भागून एफ आला ३.८८. (३, ११४) साठी ५ टक्क्यांची सीमा साधारण २.६८ आहे, तेव्हा विभाग ठेवा, तिन्ही डमींसकट. नुसता 'लक्षणीय' डमी ठेवून बाकीचे काढले तर उरलेले गट गुपचूप संदर्भ-गटात मिसळतात आणि मॉडेलचा अर्थच बदलतो.

सगळ्यात जास्त घोळ गाळलेल्या नोंदींनी होतो. विभागाची माहिती काही ओळींत नसेल तर मोठं मॉडेल त्या ओळी आपोआप सोडतं, छोटं सोडत नाही, आणि दोन बेरजांची वजाबाकी निरर्थक ठरते. 'आर' या संगणकभाषेतलं अनोव्हा (ही चाचणी करणारं फंक्शन) अशा वेळी एरर देऊन थांबतं. हाताने आकडेमोड करणाऱ्याला कोणी थांबवत नाही. आधी अपुऱ्या ओळी काढा, मग दोन्ही मॉडेलं त्याच डेटावर बसवा. आणि अनोव्हाला दोन्ही मॉडेलं द्या. एकच दिलंत तर चलांच्या क्रमानुसार चाचण्या होतात. विभाग शेवटी लिहिलेला नसेल तर त्याच्यासमोरचं उत्तर वेगळ्याच प्रश्नाचं असतं.

अवशेषांचा पसरटपणा अंदाजाबरोबर वाढत असेल तर हा एफ भरवशाचा नाही. रोबस्ट सहप्रचरण (असा असमान पसरटपणा धरून काढलेली सहगुणकांची अनिश्चितता) घेऊन वाल्ड चाचणी करा, तीही तिन्ही सहगुणक एकदम तपासते. लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये (उत्तर हो/नाही असं असतं तिथे) डेव्हियन्समधला, म्हणजे मॉडेल किती चुकतं या मापातला फरक ३ डिग्री ऑफ फ्रीडमच्या काय-वर्ग वितरणाशी ताडून बघा. एका मॉडेलमध्ये वाय (ज्याचा अंदाज करायचा ते चल) आणि दुसऱ्यात लॉग-वाय असेल तर मॉडेलं नेस्टेडच नाहीत, तिथे ही चाचणी लागू नाही.

पी-व्हॅल्यू मोठी आली असती तरी 'विभागाचा परिणाम नाही' असं लिहू नका. १२० नोंदींत एखादा गट ८-१० जणांचा असेल तर बऱ्यापैकी फरकही निसटतो, म्हणून सहगुणकांचे विश्वास-अंतराल (खरं मूल्य कोणत्या पट्ट्यात असू शकतं ते) सोबत द्या.