दुबईची ऑफर आली, पण बायकापोरांचं काय?

भाऊ, पगार नंतर बघ, आधी पोराचा जन्मदाखला काढ. ग्रामपंचायतीच्या दाखल्यात बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं, किंवा आईचं नाव माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं. फाइल तिथेच अडकते. दुरुस्ती झाली की जन्माचा नि लग्नाचा दाखला मंत्रालय, परराष्ट्र खातं, मग वकिलात, या क्रमाने साक्षांकित करून घे.

कुटुंबाच्या व्हिसाला किमान ४००० दिरहम पगार लागतो, किंवा ३००० आणि राहायची सोय. व्हिसा मिळेल, पण तेवढ्यात घरभाडं आणि शाळेची फी निघत नाही. दोन्ही भत्ते ऑफर लेटरात वेगळे लिहून माग. तिथल्या भारतीय शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, आपल्यासारख्या जूनमध्ये नाही.

नोंदणीकृत एजंटची फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी, त्यावर छदाम नाही. पहिले सहा महिने एकटाच जा. केळीचं शेत गहाण टाकून तर मुळीच नको.