गच्चीबाग सवाल-जवाब: गार्डन पिंक पुण्यात टिकेल का?

प्रश्न (कोथरूड): ऑनलाइन गार्डन पिंकच्या बियांचं पाकीट घेतलंय, वर 'हार्डी पेरेनियल' असं छापलंय. फोटोत झालरीसारख्या पाकळ्यांची गुलाबी फुलं आणि निळसर राखाडी पानं आहेत. बाल्कनी पश्चिमेची, तिसरा मजला. पेरू का? आणि खरंच वर्षानुवर्षं टिकतं का हो हे?

उत्तर: पेरा की ताई, फक्त ऑक्टोबर हीट उतरू द्या, म्हणजे दिवाळीच्या आसपास. बी उगवायला १५ ते २० अंश बरे पडतात, आठ-दहा दिवसांत कोंब दिसायला लागतात.

पण पाकिटावरच्या त्या 'हार्डी'वर जाऊ नका, ते थंडीच्या हिशोबानं लिहिलेलं असतं. हे झाड, डायन्थस प्लुमेरियस, मूळचं मध्य युरोपातल्या चुनखडीच्या डोंगरउतारांवरचं, उणे १५-२० अंशातसुद्धा पानं टिकवून बसतं. शिवाजीनगरला पारा ८ वर आला की आपल्याकडे पेपरात बातमी येते, याला त्याचं काहीच नाही. याचा जीव जातो तो जुलैमध्ये.

कारण असं की तिकडे याची मुळं खडकांच्या फटीत असतात, पाऊस पडला की पाणी लगेच निघून जातं, पानं बारीक आणि वर मेणाचा पातळ थर, म्हणजे सगळी तयारी कोरडेपणाची. आणि आपल्याकडे मृग लागला की पुढे दीड-दोन महिने ढग, ओल, ऊन नाही, मग खोडाचा मातीलगतचा भाग कुजतो आणि हिरवंगार दिसणारं रोप चार दिवसांत पिवळं पडून आडवं होतं. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून अजून घालतात, संपलंच मग.

त्यामुळे सगळी मेहनत कुंडी भरताना करायची. दोन भाग लाल माती किंवा पोयटा, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा, एक भाग चांगलं कुजलेलं जुनं शेणखत, आणि तळाच्या भोकावर खापराचे तुकडे. नुसतं कोकोपीट नको, ते ओल धरून ठेवतं. आपली काळी माती चुनखडीची, त्या अर्थी याला आवडावी, पण भिजली की पाणी सोडत नाही म्हणून बाद. रोप खोल लावू नका, मान (खोड आणि मुळं जुळतात तो भाग) मातीच्या वर राहू द्या आणि भोवती बारीक खडी पसरा, पालापाचोळा अजिबात नको. नायट्रोजनचं खत हात राखून, नाहीतर नुसती लांबलचक लुळी वाढ होते. बोअरचं जड पाणी चालतं बरं का, याला थोडी अल्कलाइन बाजूच मानवते, तेव्हा टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांनी निदान या झाडाची काळजी करू नये!

पश्चिमेचं ऊन थंडीत उत्तम, रोज ५-६ तास तरी हवंच. एप्रिल-मेमध्ये दुपारची ग्रीन नेट लावा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात कुंडी छपराखाली न्या, जिथे उजेड आणि वारा आहे पण पाऊस थेट लागत नाही. हस्ताचा पाऊस ओसरेपर्यंत तिथेच. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी.

आता फुलांचं. बियांपासूनचं रोप पहिल्या हिवाळ्यात बहुतेक पानंच करतं, फुलं दुसऱ्या वर्षी, आणि जुन्या जातींना आधी बराच काळ गारवा लागतो, तिकडे त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदाच बहरतात. म्हणजे पुण्यात आधी एक पावसाळा पार करायचा आणि मग थंडी किती पडते त्यावर भरवसा. पानांची ती राखाडी गादीही सुंदर दिसते, पण फक्त फुलांसाठी घेणार असाल तर मी म्हणेन महाबळेश्वर-पाचगणीला कुणी नातेवाईक असतील तर अर्धं पाकीट त्यांना द्या, पावसाळ्यात त्यांनाही छप्पर लागेलच. 'वर्षानुवर्षं' म्हणाल तर इंग्लंडमध्येसुद्धा तीन-चार वर्षांत मधला भाग लाकडासारखा होऊन उघडा पडतो, मग तिकडचे लोक कलमं करून नवीन रोपं घेतात.

प्रश्न (हडपसर): नर्सरीतून दर डिसेंबरला डायन्थस आणते, मार्चपर्यंत मस्त फुलतं आणि मेमध्ये मरतं. माझं काय चुकतंय?

उत्तर: काही नाही चुकत. नर्सरीत मिळतं ते बहुतेक चायनीज पिंक (डायन्थसचीच वेगळी जात) किंवा त्याचे हायब्रीड, ते एका सीझनचंच म्हणून वाढवतात. सुकलेली फुलं देठासकट खुडत राहा, बहर लांबतो. मेमध्ये निरोप द्या आणि कुंडीत झेंडू लावा.

प्रश्न (सहकारनगर): माझ्याकडे डबल पाकळीचं, छान वासाचं पिंक आहे. त्याचं बी धरून रोपं केली तर तशीच फुलं येतील का?

उत्तर: नाही येणार, संकरित जातींचं बी मूळ झाडासारखं निघत नाही, आणि कित्येकदा बीच धरत नाही. लंडनच्या थॉमस फेअरचाइल्ड नावाच्या नर्सरीवाल्यानं १७१७ च्या सुमारास कार्नेशन आणि स्वीट विल्यम या डायन्थसच्याच दोन जातींचा मुद्दाम संकर केला, माणसानं जाणूनबुजून केलेल्या पहिल्या संकरांमध्ये तो धरतात, आणि ते झाड वांझ निघालं म्हणून त्याला खेचर म्हणायचे. पुढे मॉन्टेग्यू ऑलवुड या इंग्लंडमधल्या नर्सरीवाल्यानं जुनं पिंक आणि सतत फुलणारं कार्नेशन एकत्र आणून ऑलवुडी पिंक केली, ती पुन्हा पुन्हा फुलतात. 'डोरिस' ही त्यातलीच. हे सगळं टिकलंय ते कलमांवर.

तर नोव्हेंबर ते जानेवारीत फूल न धरलेली फांदी बघा, खालचा भाग एका हातानं धरून शेंडा हलकेच ओढा, पेरापाशी सुटून येतो. खालची पानं काढून वाळू आणि कोकोपीटच्या मिश्रणात खोचा, सावलीत ठेवा, तीन-चार आठवड्यांत मुळं येतात. मूळ झाड पावसाळ्यात दगावलं तरी वाण हातात राहतो, म्हणून दर थंडीत चार कलमं कराच.

प्रश्न (बाणेर): पिंकला लवंगेचा वास असतो असं वाचलं. माझ्या झाडाला काहीच वास नाही!

उत्तर: चायनीज पिंक असेल तर वास फारसा नसतोच. लवंगेतलं युजेनॉल हे सुगंधी द्रव्य जुन्या जातींच्या फुलांतही असतं, त्यामुळे वास तसा येतो. 'मिसेस सिंकिन्स' ही पांढरी, विस्कटलेल्या पाकळ्यांची जात वासासाठीच प्रसिद्ध, इंग्लंडमधल्या स्लाव (Slough) गावच्या वर्कहाउसच्या, म्हणजे गरिबांना काम देऊन ठेवायच्या आश्रयगृहाच्या, व्यवस्थापकांनी बायकोचं नाव दिलं तिला, आणि त्या गावाच्या मानचिन्हातल्या हंसाच्या चोचीत तेच फूल आहे. दिसायला गबाळं फूल, पण मला शोच्या देखण्या कार्नेशनपेक्षा हेच आवडतं.

प्रश्न (औंध): मांजर पानं चावतं, विषारी आहे का?

उत्तर: थोडं पोट बिघडू शकतं, उलटी होऊ शकते, जीवघेणं नाही. तरी कुंडी उंचावर ठेवा, आणि उलट्या थांबल्या नाहीत तर व्हेटला दाखवा.