अनुत्तरित की निरुत्तरित? आणि ‘लोर’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय: "आम्ही सात-आठ जण दर रविवारी सकाळी हनुमान टेकडी चढतो आणि खाली उतरलो की अमृततुल्यात बसून टोल्किनच्या मिडल-अर्थवर (‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ जिथे घडतं ते जग) भांडतो. आता कॉलेजात त्यावर गप्पांचा कार्यक्रम ठेवलाय. फलकावर ‘मिडल-अर्थचे निरुत्तरित प्रश्न’ असं लिहिलं तर एकीची आजी म्हणाली असा शब्दच नाहीये. मग काय लिहायचं? आणि लोर, कॅनन, फॅन थिअरी यांना मराठी शब्द आहेत का, की इंग्रजीच बरे?"

आजींचं बरोबर आहे. निरुत्तर असतो तो माणूस. ज्याच्याकडे उत्तर उरलं नाही तो निरुत्तर झाला, किंवा समोरच्याने त्याला निरुत्तर केलं. प्रश्न कसा निरुत्तर होईल, प्रश्नाला थोडंच कोणी गप्प बसवलंय. ज्या प्रश्नाला उत्तर दिलं गेलेलं नाही तो अनुत्तरित. आणि निरुत्तरित हा या दोघांची मोडतोड करून तयार झालेला तिसराच प्राणी आहे, वर्तमानपत्रात सुद्धा दिसतो अधूनमधून, पण म्हणून तो शहाणा होत नाही. अनुत्तरितमधला ‘अनु’ बघून काहींना अनुवाद, अनुकरण वगैरे आठवतं, तसं काही नाही, हा साधा नकाराचा ‘अ’ आहे, पुढे स्वर आला की त्याचा ‘अन्’ होतो. अनावश्यक, अनुचित, आणि परीक्षेच्या निकालामुळे सगळ्यांच्या ओळखीचा असलेला अनुत्तीर्ण.

इथे उत्तर संपलं असतं, पण तुमचा खरा प्रश्न वेगळाच आहे असं मला वाटतं. अनुत्तरित हा शब्द बरोबर आहे पण सपक आहे. तुम्ही ज्या गोष्टींवर भांडता त्या सगळ्या एका जातीच्या नाहीत, आणि मराठीत, त्यातून पुण्यात, त्या वेगवेगळ्या जातींना शब्द आधीच आहेत कारण आपण महाभारतावर हेच भांडण कितीतरी पिढ्या घालतोय.

पहिला लोर घ्या, म्हणजे काल्पनिक जगाचा सगळा मागचा इतिहास आणि कथा. आधी ते ‘लोअर’ लिहिणं बंद करा, मला डोळ्यासमोर रेल्वेचा बर्थ येतो. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ शिकवण, शिकण्यातून मिळालेलं ज्ञान असा होता. त्याला दंतकथा म्हणतात काही जण, पण ते पटत नाही, दंतकथा म्हटलं की ‘खरं नसावं’ हा वास येतो आणि लोरमध्ये त्या जगापुरतं ते सगळं खरं असतं. माझं मत पुराण. हसू नका. पुराणाची जुनी व्याख्या पाच लक्षणांची आहे: सर्ग म्हणजे सृष्टी कशी झाली, प्रतिसर्ग म्हणजे ती मोडून परत कशी झाली, मग देव-ऋषींचे वंश, मन्वंतरं म्हणजे कालखंड, आणि वंशानुचरित म्हणजे राजघराण्यांचा इतिहास. आता टोल्किनचं ‘द सिल्मरिलियन’, मिडल-अर्थच्या जुन्या काळाचं पुस्तक, समोर ठेवून बघा. जग गाण्यातून निर्माण होतं, घडवलेलं जग परत परत मोडतं, एल्फ नावाच्या अमर जमातीची घराणी, एकामागून एक युगं, आणि शेवटी माणसांच्या राज्यांचा उदयास्त. पाचही लक्षणं बरोबर बसतात, ओढूनताणून काहीच करावं लागत नाही. आता मराठीत ‘पुरे झालं तुझं पुराण’ असंही म्हणतात हे मान्य आहे, पण तुमच्या अमृततुल्यवाल्याला विचारा, तो तुमच्याबद्दल नेमकं हेच म्हणत असेल.

कॅनन म्हणजे त्या जगाबद्दल खरं धरायचा मजकूर, त्याला अधिकृत म्हणू नका, अधिकृत म्हणजे शिक्का मारलेलं काहीतरी, सातबारा वगैरे. प्रमाण म्हणा. प्रमाण शब्दात ‘वादात याचा आधार चालेल’ हा अर्थ आधीच आहे. तुमचं अर्धं भांडण तरी यावरच असणार, की काय प्रमाण मानायचं. टोल्किन १९७३ साली गेला, सिल्मरिलियन आलं १९७७ला, ते त्याच्या मुलाने, ख्रिस्तोफरने, बापाच्या हस्तलिखितांतून निवडून जुळवून छापलं. मग ते प्रमाण की नाही? आणि त्यानंतर त्याच मुलाने १९८३ ते १९९६ या काळात बारा खंड काढले, ज्यात बापाचे कच्चे खर्डे, खोडलेलं, बदललेलं सगळं दाखवलं. ऑर्क, म्हणजे शत्रूचे ते राक्षसी सैनिक, कुठून आले याचंच बघा ना, छापील सिल्मरिलियनमध्ये ते छळून बिघडवलेले एल्फ आहेत, नंतरच्या टिपणांत टोल्किन स्वतःच ते बदलायला निघालेला, माणसांपासून झाले असतील असं काहीतरी. याला तुमचा ग्रुप अनुत्तरित प्रश्न म्हणत असेल पण हा पाठभेद आहे! उत्तरं एकापेक्षा जास्त आहेत हीच तर अडचण आहे.

पाठभेद म्हटलं की मला राहवत नाही. तुम्ही टेकडीवरून उतरता ना, तिथून लॉ कॉलेज रोडकडे गेलात की भांडारकर संस्था. तिथे १९१९ ते १९६६ एवढा काळ महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम चाललं, देशभरातून बाराशेच्या वर हस्तलिखितं गोळा करून श्लोक न् श्लोक ताडून बघितला. १९२५पासून वि. स. सुकथनकर मुख्य संपादक होते, १९४३ला ते गेले, पुढच्यांनी काम पुरं केलं. जे नंतर कोणीतरी घुसडलंय असं दिसलं ते प्रक्षिप्त म्हणून मूळ पाठातून काढून तळटीपेत नाहीतर परिशिष्टात टाकलं. (ख्रिस्तोफरला मी मनातल्या मनात सुकथनकर म्हणतो, पण तुलना फार ताणू नका, त्याच्यापुढे एकाच माणसाचे कागद होते, यांच्यापुढे हजार-दीड हजार वर्षांतले असंख्य लेखनिक.) तर दुसऱ्याने मूळ गोष्टीत घुसवलेला मजकूर म्हणजे प्रक्षिप्त. आणि फॅन मंडळी ज्याला हेडकॅनन म्हणतात, म्हणजे कुठे लिहिलेलं नाही पण माझ्यापुरतं मी असंच धरून चालतो, त्याला आपल्याकडे इतका सोपा शब्द आहे की बनवायची गरजच नाही: पदरचं. "हे पुस्तकात आहे की तुझ्या पदरचं?" एवढं विचारलं की अर्धे वाद तिथल्या तिथे मिटतात. पदरचं वाईटच असतं असं पण नाही हं. द्रौपदीच्या मनात कर्ण होता हे सांगणारं जांभूळ आख्यान आपल्या लोककलावंतांच्या पदरचं आहे, महाभारतात शोधून सापडणार नाही, आणि तरी ऐकताना कोणी उठून जात नाही.

आता मूळ मुद्दा, उत्तर नसलेले प्रश्न. माझ्या मते यांचे निदान दोन प्रकार वेगळे काढायला हवेत.

एक कूट. टॉम बॉम्बाडिल हे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधलं गूढ पात्र नेमकं कोण, हे टोल्किनने सांगितलं नाही, आणि १९५४च्या एका पत्रात त्याने स्वच्छ लिहिलंय की पुराणकाळात काही कोडी असायलाच हवीत आणि हे त्यातलं एक, मुद्दाम ठेवलेलं. हे विसरलेलं उत्तर नाही, ही मारलेली गाठ आहे. आपल्याकडे तीच गोष्ट व्यास-गणपतीची आहे. गणपती म्हणाला माझी लेखणी थांबता कामा नये, व्यास म्हणाले कबूल पण अर्थ समजल्याशिवाय लिहायचं नाही, आणि मधेमधे असे गाठीचे श्लोक घातले की गणपतीला क्षणभर थांबावं लागे. ते कूटश्लोक, आठ हजार आठशे, आणि व्यास म्हणतात ते मी जाणतो, शुक जाणतो, संजय जाणतो की नाही कोणास ठाऊक. फॅन लोकांचा यापेक्षा छान अपमान कोणी केला नसेल. गंमत अशी की ही अख्खी गोष्ट चिकित्सक आवृत्तीत परिशिष्टात गेलीये, म्हणजे कूट शब्दाची सगळ्यात प्रसिद्ध कथा स्वतःच प्रक्षिप्त! तर लेखकाने मुद्दाम ठेवलेल्या प्रश्नाला कूट म्हणा, बोलताना मेख म्हणा.

दुसरा अध्याहृत. हा शब्द शाळेच्या व्याकरणातला, वाक्यात न लिहिलेला पण वाचणाऱ्याने घ्यायचा शब्द तो अध्याहृत. "कुठे चाललास?" यात ‘तू’ अध्याहृत आहे. गरुडांवर बसून अंगठी थेट मॉर्डोरला, म्हणजे ती जिथे नष्ट करायची त्या शत्रूच्या मुलखात, का नेली नाही, हा जगभर चघळलेला प्रश्न मी यात टाकेन, कारण शत्रूच्या नजरेपासून लपून जाणं हाच सगळा बेत होता, ते लेखकाने परत सांगितलं नाही एवढंच. तुमच्यातल्या कोणाला हे पटणार नाही आणि तो म्हणेल ही चूक आहे, प्लॉट होल आहे. ठीके, मग त्याला कथानकातलं छिद्र असलं भाषांतर करू नका, विसंगती म्हणा, नाहीतर सरळ ‘इथे गोष्ट फाटते’.

बाल्रॉग हा ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला आग आणि सावलीचा राक्षस, त्याला पंख आहेत की नाहीत याबद्दल वेगळं लिहितो कारण तो तर चक्क अलंकाराचा वाद आहे आणि दहावीच्या मराठीच्या बाईंनी तो पाच मिनिटांत सोडवला असता. आधी लिहिलंय की त्याच्याभोवतीची सावली दोन प्रचंड पंखांसारखी पसरली. ‘सारखी’ आहे, म्हणजे उपमा. थोडं पुढे लिहिलंय की त्याचे पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरले, तिथे ‘सारखे’ गायब. आता एक पक्ष म्हणतो दुसऱ्या वाक्यात मागचीच उपमा पुढे चालू आहे, उपमेचं रूपक झालं, पंख म्हणजे ती सावलीच. दुसरा म्हणतो नाही, आता खरेखुरे पंख. मी रूपकवाला आहे. भाचीने मला यावर "मग मामा, ‘मुखचंद्र’ वाचून तू दुर्बीण काढतोस का?" असं विचारलं, ती माझ्याच बाजूची आहे हे मला नंतर कळलं.

फॅन थिअरीला, म्हणजे गोष्टीतले धागे जोडून चाहत्याने काढलेल्या निष्कर्षाला, तर्क पुरे. तर्क करणं, तर्क लढवणं, आणि हाताबाहेर गेला की तर्कट. नमुना हवा तर इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ वाचा, १९६७चं, डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या बाई, भांडारकरची आवृत्ती हाताशी घेऊन बसलेल्या, आणि त्यात शक्यता म्हणून मांडतात की युधिष्ठिराचा खरा बाप विदुर असेल का. विदुर यमधर्माचा अवतार, युधिष्ठिर धर्माचा मुलगा, दीर नियोगाला चालतो, आणि मरताना विदुर योगाने युधिष्ठिराच्याच शरीरात शिरतो. कुठेही पदरचा पुरावा नाही, सगळं पाठातलं, फक्त जोडणी स्वतःची. याला म्हणायचं तर्क. तुमच्यातला जो कोणी बॉम्बाडिल म्हणजे स्वतः सृष्टिकर्ताच असं म्हणत असेल (प्रत्येक ग्रुपात एक असतो) त्याला तर्कट म्हणा, कारण लेखकाने ते नाही म्हणून सांगितलंय.

एन्टांच्या (झाडांसारखे दिसणारे, चालते-बोलते वनरक्षक) हरवलेल्या बायकांचं मात्र अवघड आहे. पुस्तकात त्या कुठे गेल्या ते सांगितलेलं नाही, पण बॉम्बाडिलवालं जे पत्र आहे ना, त्यातच टोल्किन म्हणतो की मला वाटतं त्या कायमच्या नाहीशा झाल्या. ‘मला वाटतं’ म्हणतो! लेखकच तर्क लढवतोय. पत्र प्रमाण धरलं तर प्रश्न सुटला, नाही धरलं तर अनुत्तरित. मी तरी अनुत्तरितच धरतो, त्या म्हाताऱ्या एन्टाची आशा एका पत्राने संपवायची माझ्यात हिंमत नाही.

फलकावर लिहिताना एकच, रंगवणाऱ्याला कागदावर नीट लिहून द्या, नाहीतर तो ‘अनुत्तरीत’ करून ठेवेल. लिखित, कथित, प्रकाशित, तसं अनुत्तरित, रि पहिली. आणि लगेच कोणी ‘विपरीत’ कसं मग दुसरी, असं विचारलं तर तिथे परि आणि इत यांचा संधी होऊन री दीर्घ झालीये, आजींना माहीत असेल.