वाचक विचारतात : पिंजऱ्याची बिजागरी आणि गोधडीचे टाके

प्रश्न : आमच्या महिला वाचनमंडळात सुसान ग्लास्पेल यांची ‘अ ज्युरी ऑफ हर पीअर्स’ ही कथा घेतली आहे. ती खऱ्या घटनेवर आहे का? दोन बायका स्वयंपाकघरात नुसत्या वस्तू बघतात, त्यातून मिनी राइटचा कोंडमारा कसा उलगडतो? शेवटच्या वाक्याचं मराठी कसं करावं?

उत्तर : घटना खरी आहे. डिसेंबर १९०० मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यातल्या इंडियानोलाजवळ जॉन हॉसॅक या शेतकऱ्यावर झोपेतच कुऱ्हाडीचे घाव घातले गेले. आरोप पत्नी मार्गारेटवर आला. ग्लास्पेल तेव्हा वार्ताहर होत्या आणि खटल्याच्या बातम्या त्यांनीच दिल्या. मार्गारेटला जन्मठेप झाली, पुढे ती रद्द झाली आणि १९०३ च्या फेरखटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही. यावरून त्यांनी १९१६ मध्ये ‘ट्रायफल्स’ ही एकांकिका लिहिली आणि १९१७ मध्ये ही कथा.

कथेत जॉन राइट या शेतकऱ्याचा झोपेत दोरानं गळा आवळलेला असतो आणि बायको मिनी अटकेत असते. शेरीफ, सरकारी वकील हेंडरसन आणि शेजारी हेल घरात पुरावा शोधतात; शेरीफची बायको मिसेस पीटर्स आणि शेजारीण मिसेस हेल स्वयंपाकघरात थांबतात. ग्लास्पेल यांनी काय बदललं ते नीट पाहा. हॉसॅकांच्या घरात मुलंबाळं होती, कथेत मूल नाही. कुऱ्हाडीच्या जागी दोर आला. घर खोलगट जागी आहे, तिथून रस्ताही दिसत नाही. शेजाऱ्यांबरोबर सामाईक टेलिफोन घ्यायलाही नवरा राजी नाही. दारू न पिणारा, देणी फेडणारा, लोकांच्या लेखी सज्जन असा हा माणूस आहे. छळाचा एकही प्रसंग समोर घडत नाही, आणि कथेचं खरं बळ आम्हाला त्यातच वाटतं.

मंडळात वाचताना वस्तूंची नोंद करत जा. थंडीनं फुटलेल्या चेरीच्या मुरांब्याच्या बरण्या, अर्धवट पुसलेलं टेबल आणि मोडकी चूल आधी येतात. मग गोधडीचे तुकडे : सगळी शिवण एकसारखी, एकाच तुकड्यावर टाके वेडेवाकडे. इथे थांबा. मिसेस हेल ते टाके उसवून नीट घालू लागतात, म्हणजे पुरावा पुसायला इथूनच सुरुवात होते. त्यानंतर बिजागरी तुटलेला रिकामा पिंजरा, आणि शेवटी शिवणाच्या टोपलीतल्या डबीत रेशमी कापडात गुंडाळलेला, मान पिरगळलेला कॅनरी पक्षी. घरात बंदूक असताना दोर कशाला, हे कोडं पुरुषांना सुटत नाही. बायकांना ते पक्ष्याच्या मानेवरून कळतं : नवऱ्यानं पक्ष्याची मान पिरगळली, म्हणून तिनं त्याचा गळा आवळला. मिनी लग्नाआधी चर्चमध्ये गायची, हे त्याच्याशी जोडून वाचा.

चर्चेत एक चूक हमखास होते : ‘तिनं खून केला’ एवढ्यावर सगळे थांबतात. मिसेस हेलचा पश्चात्ताप सुटून जातो. जवळ राहूनही आपण कधी तिच्याकडे फिरकलो नाही, हाही गुन्हाच, असं तिला वाटतं. मिनीच्या एकाकीपणात शेजारणींचाही वाटा आहे.

आता भाषांतर. गोधडीचे थर धावदोऱ्यानं शिवायचे की जागोजागी गाठी मारून धरायचे, यावर पुरुष आधी हसलेले असतात. शेवटी वकील थट्टेनं तेच विचारतो, तेव्हा खिशात लपवलेल्या पक्ष्याच्या डबीवर हात ठेवून मिसेस हेल उत्तर देतात. मूळ ‘नॉट इट’ (knot it) या शब्दांच्या उच्चारात ‘नाही’ही (not) ऐकू येतं, ते मराठीत येणार नाही. ‘त्याला गाठ मारणं म्हणतात, मिस्टर हेंडरसन’ पुरेसं आहे, कारण गळ्यातला दोर त्यात येतो. ‘निरगाठ’ अधिक टोकदार आहे, पण आधीच्या हशाच्या प्रसंगातही तोच शब्द हवा, नाहीतर शेवट तुटतो. आणि मिसेस हेल जिथे ‘मिनी फॉस्टर’ हे माहेरचं नाव घेते, तिथे ‘राइट’ करू नका.