जुन्या लिनक्समध्ये स्वॅप १२८ एमबीच्या वर का जात नसे? आणि माझ्या १६ जीबी लॅपटॉपवर ती रॅमच्या दुप्पट ठेवू का?

स्वॅप म्हणजे रॅम कमी पडली की तिच्यातली पानं (मेमरीचे ठरावीक मापाचे तुकडे) उतरवून ठेवायची डिस्कवरची जागा. पहिल्याचं उत्तर नुसता गुणाकार आहे. तेव्हा स्वॅप पार्टिशनचं पहिलं पान म्हणजे बिटमॅप असे, एकेका बिटाने एकेका पानाची नोंद ठेवणारा तक्ता. ४०९६ बाइटपैकी शेवटचे दहा 'स्वॅप-स्पेस' या खुणेसाठी (रोमनमध्ये दहाच अक्षरं होतात). उरले ४०८६ बाइट, म्हणजे ३२,६८८ बिट, आणि एका बिटामागे ४ केबीचं एक पान. झाले १,३०,७५२ केबी, १२८ एमबीला किंचित कमी. हे इंटेलचं, आल्फा प्रोसेसरवर पान ८ केबीचं असल्याने हद्द मोठी होती. १९९१च्या नाताळात लिनक्सच्या जनकाने, लिनसने, डिस्कवर पेजिंग (पानं रॅममधून डिस्कवर हलवणं) लिहिलं ते २ एमबी रॅमवर कर्नल (सिस्टिमचा गाभा) कंपाइल करू पाहणाऱ्या एका माणसासाठी. त्या काळात १२८ कोणाला कमी वाटणार? २.२ कर्नलसोबत नवी मांडणी आली आणि विषय संपला.

आता दुप्पट. हा शब्द ऐकला की माझं डोकं अजून तापतं.

१९९८च्या सुमारास मी पुण्यात एका छोट्या कंपनीत होतो. पेंटियम, ४३०टीएक्स चिपसेटचा बोर्ड, ६४ एमबी रॅम, २.० कर्नल. मेल, सांबा (फाइल शेअरिंग), कंपाइल सगळं त्याच डब्यावर. लोक कुरकुरायला लागले म्हणून आणखी ६४ टाकली. कर्नलला ती दिसेचना; लिलो या बूट लोडरमध्ये 'मेम=१२८एम' लिहिल्यावर दिसली, आणि मशीन आधीपेक्षा हळू झालं. आमचे सीनियर म्हणाले, "अरे, रॅम १२८ ना? मग स्वॅप २५६ कर. पुस्तकात आहे." केली. स्वॅप तयार करणाऱ्या एमकेस्वॅप कमांडने बजावलं की १,३०,७५२ केबीवर कापतोय. साहेबांचं निदान: डिस्क खराब! मी म्हटलं, सर, दोन पार्टिशनं करू, आठपर्यंत चालतात. "दोन दोन स्वॅप असतात का कधी?"

मी व्हीएमस्टॅट (मेमरीची हालचाल दाखवणारी कमांड) लावून दाखवलं. एसआय (स्वॅपमधून आत) आणि एसओ (स्वॅपकडे बाहेर), दोन्ही रकाने शून्य. स्वॅपला कोणी हातच लावत नव्हतं. खरा घोळ असा की टीएक्स चिपसेट पहिल्या ६४ एमबीलाच एल२ कॅश (प्रोसेसरजवळची जलद मेमरी) देतो. त्याच्या वरची रॅम उघडी, म्हणून हळू, आणि लिनक्स डिस्क कॅशसाठी सगळी रॅम भरून टाकणार, म्हणजे तिथे काही ना काही पडणारच. सरांनी स्क्रीनकडे पाहिलंही नाही. पुढे पेंटियम टू आली, कुरकुर थांबली, आणि श्रेय गेलं नव्या मशीनवरच्या दोन स्वॅप पार्टिशनांना, तेही सरांच्या नावावर.

दुप्पटीला मूळ नाही असं नाही. सनओएस ४सारख्या जुन्या सिस्टिम प्रोसेसच्या पानासाठी स्वॅपमध्ये आधीच जागा राखून ठेवत. स्वॅप रॅमपेक्षा कमी असली तर काही रॅम वायाच जायची. २.४च्या सुरुवातीच्या कर्नलमध्येही पान परत रॅममध्ये आलं तरी त्याची स्वॅपमधली जागा सुटत नसे, म्हणून तिथे दुप्पट खरोखर लागायची. ते २००१मध्येच सुधारलं. पण आमचं होतं २.०, आणि सरांनी यातलं एकही कारण दिलं नव्हतं. पुस्तकात आहे, बस.

तुमच्या १६ जीबीला ३२ जीबी स्वॅप कशाला? एवढी स्वॅप खरंच भरायला लागली तर एसएसडी असली तरी लॅपटॉप हातात धरवणार नाही. २-४ जीबी ठेवा, आणि मशीन रडत असेल तेव्हा आधी व्हीएमस्टॅटचे ते दोन रकाने बघा. फक्त हायबरनेट वापरत असाल तर साधारण रॅमएवढी लागेल, कारण रॅममधला मजकूर तिथेच उतरवला जातो. आणि मोठा डेटाबेस वगैरे चालवत असाल तर माझं ऐकू नका, त्याचं गणित वेगळं.