ल्युकेमिया झालेल्या सात वर्षांच्या मुलाला धीर कसा द्यावा?

तुम्ही लिहिलंय की भाच्याला घरात सगळे ‘रक्त कमी झालंय’ एवढंच सांगतात, आणि त्याने हिमतीने उपचार घ्यावेत म्हणून काय करावं. ते ‘रक्त कमी झालंय’ वाचलं आणि बाकीची कामं टाकून लिहायला बसले. आमच्याकडेही शब्दन् शब्द हेच सांगितलं होतं.

२०१३ साल. माझा भाचा, तोही सातच वर्षांचा. इंदुरात आधी टायफॉइड म्हणून औषधं झाली, मग रक्ताचा रिपोर्ट आला आणि अवंतिका एक्स्प्रेसने आम्ही मुंबईला, परळच्या टाटा हॉस्पिटलात. निदान एएलएल, म्हणजे मुलांत जास्त करून आढळणारा ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर. वहिनीच्या कडेवर चार महिन्यांची मुलगी, दादाचं दुकान, म्हणून सोबत राहायला मी. शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, बिनपगारी रजा टाकली.

दादाची एकच अट होती. ‘कॅन्सर’ हा शब्द पोराच्या कानावर पडता कामा नये. मी म्हटलं, अरे, परळला तो शब्द भिंतीभिंतीवर आहे आणि याला वाचता येतं. तर म्हणाला, “तुला स्वतःचं मूल नाही, तुला नाही कळायचं.” यावर काय बोलणार? गप्प बसले.

दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली. रोज संध्याकाळी इंदूरहून फोन. आजी, काका, शेजारचे जोशीकाकासुद्धा. सगळ्यांचं एकच पालुपद, “तू वाघ आहेस, वाघ कधी रडतो का?” आणि खरंच रडायचा नाही हो. शीर सापडेना म्हणून चार-चार वेळा सुई टोचली तरी ओठ दाबून बसायचा. मीही फुशारक्या मारायचे, ते कबूल करते.

एक दिवस केमोचं लाल औषध दिलं. दुसऱ्या दिवशी बघते तर पाण्याची बाटली भरलेलीच. सकाळी भरलेली, दुपारी तशीच. या उपचारात पाणी भरपूर प्यावं लागतं. मरणाऱ्या पेशींचा कचरा मूत्रपिंडांनाच बाहेर काढायचा असतो. मी समजावलं, मग ओरडले. त्याने बाटली घेतली आणि मी वळले तशी मोरीत ओतली. हात उगारलाच होता मी. कसाबसा आवरला.

रात्री अंधारात म्हणाला, “आत्या, पाणी प्यायलं की रक्त जातं. माझं कमी आहे ना? म्हणून वाचवतोय.”

लाल औषधाने लघवी एक-दोन दिवस लालसर होते. ही साधी गोष्ट डॉक्टरांनी दादाला सांगितली होती, दादाने माझ्यापर्यंत पोचवलीच नव्हती. पोराने हिशेब अगदी बरोबर केला होता. तुम्ही म्हणता रक्त कमी, इकडे तर रक्त वाहून जातंय, मग पाणी बंद. दिवसभर हे एकट्याने सांभाळलं, कारण सांगितलं तर आई फोनवर रडेल. तुम्हाला धैर्यच बघायचं असेल तर ते हे होतं. असलं धैर्य कुठल्याही पोरावर येऊ नये.

त्या रात्री मी अट मोडली. हाडांच्या आत रक्त कसं तयार होतं, तिथे बिघडलेल्या पेशी कशा माजल्यात, लाल रंग औषधाचा आहे, सगळं सांगितलं. नावही सांगितलं. तर म्हणाला, “ते मला मालूम आहे. तिकिटाच्या फॉर्मवर होतं, कैंसर रोगी. बाबांना सांगू नकोस मला मालूम आहे म्हणून.” आणि उठून दोन पेले पाणी प्यायला.

मग प्रश्नांची सरबत्ती. पाठीच्या कण्यात देतात ते पिवळं औषध काय करतं? मेथोट्रेक्सेट, आणि ते ज्या प्रयोगशाळेत तयार झालं तिथे संशोधनाची सूत्रं आपल्या आंध्रच्या यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्याकडे होती, हेही सांगितलं. मास्तरणीची खोड. त्यानंतर वॉर्डात पाऊल टाकताच विचारायचा, “आज सुब्बाराव आहे का?” असला की भोकाड पसरायचा. हो, रडायला लागला तो. सुई टोचण्याआधी “थांबा, मी सांगतो तेव्हा” म्हणायचा, गुडघे पोटाशी घेऊन रडत रडत टोचून घ्यायचा. तो रडतो हे दादाला कळलं तेव्हा म्हणाला, “चांगला वाघ होता, तू भित्रा करून ठेवलास.” सहा महिने बोलला नाही माझ्याशी. रडणारं पोर पाणी पीत होतं, मला तेवढं पुरे होतं.

तेव्हा धीर देण्याच्या भानगडीत पडू नका. उद्या काय होणार ते आज सांगा. दुखणार असेल तर दुखेल म्हणा, ‘मुंगी चावल्यासारखं’ हे खोटं एकदाच चालतं. स्टेरॉइडच्या दिवसांत रात्री दोनला उठून खायला मागेल, चिडेल, तोंड सुजेल. तेही आधीच सांगा. आमचा पोहे मागायचा, वर जीरावन, म्हणजे इंदुरी मसाला, हवंच. स्टोव्ह पेटवा, लाड म्हणून बोलणी ऐका.

आता राहिलेलं. तीन वर्षांच्या मुलाला हे सगळं सांगून उपयोग नाही, आणि जे मूल विचारत नाही त्याच्यावर माहिती ओतूही नका. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला तर घरी गोळी देत बसू नका, रात्री-अपरात्री दवाखाना गाठा. घरी आल्यावर पोर टुणटुणीत दिसतं म्हणून गोळ्या सोडू नका, उपचार एकूण दोन-अडीच वर्षं चालतो. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात, हे जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं भाच्याच्या आईला जरूर सांगा. आपल्याकडे उपचार अर्धवट सुटणं हेही मुलं गमावण्याचं एक कारण आहे.

आमचा भाचा आता कॉलेजात आहे. गणपतीत पाहुणे आले की दादा अजून सांगतो, “शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही आम्ही त्याला.” भाचा तिथेच असतो. पोह्यांवर शेव टाकत, माझ्याकडे न बघता.